हाताला बसणारें हत्यार

एखाद्या कादंबरीकारानें तीनशें पानांची कादंबरी लिहून पुरी केली, आणि ती छापखान्यांत धाडण्याच्या आदल्या दिवशीं त्याच्या मनांत आलें कीं, नायकाचें ‘राम’ हें नांव बदलून ‘श्याम’ ठेवावें, तर काय होईल? पूर्वी हें काम लेखणी घेऊन पानापानावर करावें लागे. आज संगणकाला एक आज्ञा दिली कीं, जेथें जेथें ‘राम’ दिसेल तेथें तेथें तो निमूटपणें ‘श्याम’ घालतो. परंतु लेखक आपलें हस्तलिखित पुन्हां उघडून पाहतो, तों नायिका दुपारीं ‘आश्याम’ करीत पडलेली असते, चैत्रांत ‘श्यामनवमी’ आलेली असते, परसांत ‘श्यामफळा’चें झाड उभें असतें, आणि नायकाच्या आजोबांचें नांवही योगायोगानें राम असल्यामुळें तेही बिचारे श्याम होऊन बसलेले असतात. यंत्रानें सांगितलें तेंच केलें. त्यानें अक्षरें पाहिलीं. अर्थ पाहिला नाहीं.

ही गंमत कादंबरीपुरतीच असती, तर हंसून सोडून देतां आली असती. परंतु आपलें रेल्वेचें तिकीट, बँकेंतील शिल्लक, विजेचें बिल, रुग्णालयांतील तपासणीचा अहवाल हीं सारीं आज ज्या आज्ञावल्यांच्या आधारें तयार होतात, त्या आज्ञावल्यांतही असेच नांवांचे व तुकड्यांचे फेरबदल रोज चाललेले असतात. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतून हल्लीं एखादा मुलगा किंवा सून हेंच काम करीत असते. ‘आज दिवसभर काय केलेंस?’ या प्रश्नाला ‘नवीन कांहीं नाहीं, जुनेंच नीट लाविलें’ असें उत्तर मिळालें, तर वडील मंडळींना तें चुकवाचुकवीचें वाटतें. वस्तुतः तें उत्तर खरें असतें, आणि तें कामही महत्त्वाचें असतें. हें काम कोणतें, त्यासाठीं कोणतीं साधनें निघालीं, आणि तीं हाताशीं असूनही लोक तीं पुरतीं कां वापरीत नाहींत, एवढें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आज्ञावली, म्हणजे बोलण्यांतला ‘प्रोग्राम’, हा संगणकानें काय काय करावें याचा क्रमवार लेख होय. तो यंत्रासाठीं लिहिलेला असला, तरी माणसांनाही तो पुन्हां पुन्हां वाचावा लागतो. कारण तो एकदां लिहून संपत नाहीं. कर बदलतात, कायदे बदलतात, ग्राहकांच्या मागण्या बदलतात, आणि प्रत्येक वेळीं जुन्या लेखांत नव्या ओळी घुसवाव्या लागतात. अशी दहा वर्षें गेलीं कीं, लेखाची स्थिति पिढ्यान्‌पिढ्या जागा मिळेल तेथें खोल्या वाढविलेल्या जुन्या वाड्यासारखी होते. कोणत्या दारानें कोठें निघतों हें घरच्या माणसालाही सांगतां येत नाहीं.

अशा वेळीं आज्ञावलीचें बाहेरचें वर्तन तसूभरही न बदलतां तिची आंतली मांडणी सुधारणें, याला ‘रिफॅक्टरिंग’ असें म्हणतात. आपण त्याला ‘पुनर्रचना’ म्हणूं. घरगुती उदाहरण घ्यावयाचें, तर पाककृतींच्या वहीचें घेतां येईल. समजा, त्या वहींत आमटी, कढी, भाजी, कोशिंबीर यांपैकीं प्रत्येक पदार्थाखालीं फोडणीची सारी कृति नव्यानें लिहिलेली आहे. शहाणी गृहिणी काय करील? ‘फोडणी’ या नांवाचें एक स्वतंत्र पान करील. तेल किती व मोहरी किती हें ज्या त्या पदार्थानें सांगावें, असें त्यावर नमूद करील. आणि इतर सर्व ठिकाणीं ‘फोडणी द्यावी’ एवढेच दोन शब्द ठेवील. पदार्थांची चव तीच राहते. वही मात्र आटोपशीर होते. पुढें हिंगाचें प्रमाण बदलावयाचें झालें, तर तें चाळीस ठिकाणीं बदलावें लागत नाहीं, आणि एकोणचाळीस ठिकाणीं बदलून चाळिसावें विसरण्याची भीतिही राहत नाहीं.

नांव बदलणें आणि तुकडा बाहेर काढून त्याला नांव देणें, या दोन पुनर्रचना सर्वांत अधिक लागणाऱ्या पुनर्रचनांपैकीं आहेत. त्या कल्पनेनें सोप्या आहेत. पण ‘चव तीच राहते’ ही जी अट आहे, ती हातानें पाळणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअरदलाल कंपनीची हकीकत या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तिच्या आज्ञावलींत ‘पॉवर पेग’ नांवाचा एक भाग होता. त्याचा वापर २००३ सालीं बंद झाला. परंतु तो काढून न टाकतां जागच्या जागीं तसाच राहूं दिला. किती शेअरांचा व्यवहार पुरा झाला हें मोजून त्या भागाला थांबविणारा एक तुकडा होता. तो २००५ सालीं आज्ञावलींतच दुसऱ्या जागीं हलविण्यांत आला. हलविल्यावर तो जुना भाग पूर्वीप्रमाणें थांबतो कीं नाहीं, हें मात्र तपासण्यांत आलें नाहीं. सात वर्षें कांहींच घडलें नाहीं. २०१२ च्या जुलैअखेर नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर चढवितांना एक सर्व्हर चुकून राहिला. आणि जुन्या भागाला जागें करणारी खूणच नव्या कामासाठीं योजिली असल्यामुळें १ ऑगस्ट २०१२ रोजीं सकाळीं तो निद्रिस्त भाग त्या एका सर्व्हरवर पुन्हां चालूं लागला. आतां पुरे, असें त्याला सांगणारें कोणी उरलें नव्हतें. २१२ मागण्या पुऱ्या करावयाच्या होत्या. तेथें सुमारें ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले, आणि कंपनीला ४६ कोटि डॉलरांहून अधिक तोटा बसला.

या अनर्थाला कारणें अनेक होतीं. अमुक एक साधन वापरलें असतें तर तो टळला असता, असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु ‘नुसता तुकडा इकडचा तिकडे केला, त्यांत काय बिघडणार?’ ही समजूत किती महाग पडूं शकते, आणि निरुपयोगी झालेला भाग वेळच्या वेळीं काढून न टाकल्यास तो किती वर्षांनीं उलटूं शकतो, हें त्यावरून दिसतें. जुन्या आज्ञावलीला हात लावण्याची भीति वाटते, म्हणून ती सुधारली जात नाहीं. आणि ती सुधारली जात नाहीं, म्हणून ती भीति दुणावते. हें दुष्टचक्र तोडावयाचें, तर हात लावणें निर्धोक व्हावयास हवें. पुनर्रचनेच्या यांत्रिक साधनांचा जन्म या गरजेंतून झाला.

पुनर्रचनेचें कौशल्य प्रोग्रामरांना पूर्वीपासून अवगत होतें. तिला शास्त्राचें रूप आलें तें १९९० च्या सुमारास. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखालीं विल्यम ऑपडाइक यांनीं १९९२ सालीं या विषयावरील आपला प्रबंध पुरा केला. त्यांतील मुख्य विचार असा कीं, प्रत्येक फेरबदलाला कांहीं पूर्वअटी असतात. त्या पुऱ्या होत असतील, तर फेरबदलानंतरही आज्ञावलीचें वर्तन तेंच राहतें. आणि त्या पुऱ्या होतात कीं नाहीं, हें यंत्राला तपासतां येतें. आपल्या कादंबरींत ‘श्याम’ नांवाचा दुसरा कोणी आधींच असेल, तर नांव बदलण्यापूर्वीच साधनानें थांबून लेखकाला तसें सांगावें. ही अशीच एक साधी पूर्वअट होय. असें साधन अक्षरें शोधीत नाहीं. कोणतें नांव कोणाचें, हें तें आधीं समजून घेतें. म्हणून तेथें ‘आराम’ हा आरामच राहतो, आणि आजोबाही आपल्या नांवानिशीं सुरक्षित राहतात.

याच विद्यापीठांतील जॉन ब्रँट व डॉन रॉबर्ट्स यांनीं स्मॉलटॉक या संगणकभाषेसाठीं ‘रिफॅक्टरिंग ब्राउझर’ हें साधन तयार केलें. आजच्या विषयाचें सारें मर्म या साधनाच्या इतिहासांत आहे. त्याचा पहिला अवतार स्वतंत्र होता; म्हणजे आज्ञावली लिहावयाची एका जागीं, आणि तिची पुनर्रचना करावयाची दुसऱ्या जागीं जाऊन. साधन उत्तम होतें. पण तें फारसें कोणी वापरीना. किंबहुना, तें आपण स्वतःही वापरीत नव्हतों, अशी प्रांजळ कबुली त्याच्या कर्त्यांनीं पुढें दिली. मग त्यांनीं त्याच सोयी, प्रोग्रामर जेथें दिवसभर आज्ञावली वाचतो व लिहितो, त्याच खिडकींत आणून बसविल्या. आणि मग त्यांचा वापर सुरू झाला. शास्त्र तेंच होतें, जागा तेवढी बदलली. माळ्यावर ठेवलेली विळी कितीही धारदार असली, तरी तिनें रोजची भाजी चिरली जात नाहीं.

पुढें १९९९ सालीं मार्टिन फाउलर यांचें ‘रिफॅक्टरिंग’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत निरनिराळ्या फेरबदलांना नांवें देऊन प्रत्येकाच्या पायऱ्या सांगितलेल्या आहेत. २००१ सालीं इंटेलिजे आयडिया व एक्लिप्स हीं जावा भाषेसाठीं वापरलीं जाणारीं दोन लेखनसाधनें आलीं. आणि त्यांच्याबरोबर पुनर्रचनेच्या सोयी जगभरच्या सामान्य प्रोग्रामरांच्या टेबलावर येऊन पोहोंचल्या. आतां कोणाला माळ्यावर चढण्याचें कारण उरलें नव्हतें.

असें असूनही २००९ सालीं एमर्सन मर्फी-हिल, क्रिस पार्निन व अँड्र्यू ब्लॅक यांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, प्रोग्रामर ज्या पुनर्रचना करितात, त्यांपैकीं सुमारें ९० टक्के ते हातानेंच करितात. साधन त्याच खिडकींत हजर आहे. तें वेगवान आहे. माणसाहून त्याची चूक कमी होते. तरी दहांतील नऊ वेळां हात त्याच्याकडे वळत नाहीं. याचें खापर आळसावर किंवा अज्ञानावर फोडणें सोपें होतें. परंतु या संशोधकांनीं साधन वापरणाऱ्याला दोष न देतां साधनाच्याच वागणुकीकडे पाहिलें, आणि त्यांतून ज्या गोष्टी निघाल्या, त्या प्रत्येक यंत्रकर्त्यानें लक्षांत घ्याव्या अशा आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. मर्फी-हिल व ब्लॅक यांनीं पुनर्रचनेचे दोन प्रकार मानिले, आणि त्यांना नांवें दिलीं तीं दंतवैद्यकांतून. एक प्रकार म्हणजे रोज दोरा घेऊन दांतांच्या फटी साफ करणें; दुसरा म्हणजे दुखणें विकोपाला गेल्यावर वैद्याच्या खुर्चींत बसून दांताचें मूळ कोरून घेणें. प्रोग्रामर नवें काम करीत असतांनाच मधून मधून दोन मिनिटें थांबून एखादें नांव सुधारतो, एखादा तुकडा वेगळा काढतो, आणि पुन्हां आपल्या कामाला लागतो. पुनर्रचना बहुतांशीं अशीच होते. साधनें मात्र दुसऱ्या प्रकाराला शोभेशीं बनविलेलीं होतीं. नांव बदलावयाचें म्हटलें कीं, मूळ लेख झांकून टाकणारी एक चौकट उघडावयाची, तिच्यांत दहा प्रश्न विचारावयाचे, मग संभाव्य बदलांची लांबलचक यादी दाखवावयाची, आणि मग संमति घ्यावयाची. त्या दहा प्रश्नांचीं आधींच भरून ठेवलेलीं उत्तरें बहुतेक लोक बहुतेक वेळां बदलीत नाहींत, हेंही त्या अभ्यासांत दिसून आलें. मग ते प्रश्न रोज कां विचारावे? चहा करावयास निघालेल्या माणसाला प्रत्येक वेळीं साखरेच्या पोत्याची पावती दाखवावयास लाविलें, तर तो बिनसाखरेचा चहा पिऊं लागेल.

उपाय असा निघाला कीं, चौकट मुळीं उघडूंच नये. नांवावर येऊन एक कळ दाबावी, नवें नांव जागच्या जागीं लिहूं लागावें, आणि जेथें जेथें तें नांव खरोखर त्याच वस्तूचें असेल, तेथें तेथें तें डोळ्यांदेखत बदलत जावें. एक्लिप्समध्यें व इतर साधनांतही ही सोय पुढें आली. प्रश्न विचारावयाचेच असले, तर ते मागाहून, आणि ज्याला हवे त्यालाच.

दुसरी अडचण नांवांची. साधनांच्या यादींत ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’, ‘इनलाइन’, ‘पुल अप’ अशीं नांवें ओळीनें लिहिलेलीं असतात. आपल्याला काय करावयाचें आहे हें प्रोग्रामरला पक्कें ठाऊक असतें. पण त्याला शास्त्रांत काय म्हणतात, हें ठाऊक असतेंच असें नाहीं. वाण्याच्या दुकानांत जिन्नस डोळ्यांसमोर असून त्याचें संस्कृत नांव घेतल्याशिवाय तो मिळूं नये, तसा हा प्रकार होतो. यावर निरनिराळे उपाय निघाले. कांहीं साधनें आज्ञावलीचा कोणता भाग तुम्ही निवडला आहे हें पाहून, तेथें शक्य असतील तेवढ्याच दोन-चार गोष्टी समासांत एक लहानसा दिवा दाखवून पुढें करितात. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं असें साधन मांडलें कीं, ज्यांत तुकडा उचलून हव्या त्या जागीं ओढून नेला म्हणजे कोणती पुनर्रचना अभिप्रेत आहे, हें साधन आपणच ओळखतें. नांव माहीत असण्याची अट तेथें उरत नाहीं. करणाऱ्याचा हेतु पुरेसा होतो.

तिसरी अडचण फार क्षुल्लक वाटते, ती निवडीची. तुकडा बाहेर काढावयाचा, तर तो आधीं नेमका निवडला पाहिजे. आरंभींचा एक कंस सुटला, किंवा शेवटचें अर्धें वाक्य आंत आलें, कीं साधन काम नाकारतें. पोर्टलंड स्टेट विद्यापीठांत मर्फी-हिल व ब्लॅक यांनीं प्रोग्रामरांना प्रत्यक्ष काम करतांना पाहिलें, तेव्हां शिकलेसवरलेले लोकही या साध्या निवडींत अडखळतांना दिसले. तेव्हां त्यांनीं २००८ सालीं एक युक्ति सुचविली: वाक्यावर नुसतें जाऊन थांबलें कीं, तें संपूर्ण वाक्य कोठून कोठवर आहे हें हिरव्या रंगानें दाखवावें, आणि आज्ञावलीशेजारीं एकांत एक बसलेल्या पेट्यांचें चित्र काढावें, म्हणजे पेटीवर बोट ठेवलें कीं तिच्यांतील सारा मजकूर नेमका निवडला जाईल. कात्री चालविण्यापूर्वी शिंपी खडूनें रेघ ओढतो, तसेंच हें.

चौथी अडचण नकाराची, आणि माझ्या मतें ही सर्वांत महत्त्वाची. यंत्र जेव्हां ‘नाहीं’ म्हणतें, तेव्हां तें कसें म्हणतें? समजा, आपल्या पाककृतींच्या वहींतून ‘दहीं घुसळावें’ हा तुकडा आपण वेगळ्या पानावर काढावयास निघालों. त्या तुकड्यांतून दोन गोष्टी बाहेर येतात: लोणी आणि ताक. पुढें लोण्याचें तूप करावयाचें आहे आणि ताकाची कढी, म्हणजे दोन्हींची गरज आहे. परंतु जावा भाषेंत अशा बाहेर काढलेल्या तुकड्याला काम संपल्यावर एकच मूल्य हातीं देतां येतें. तेव्हां साधन नकार देतें, आणि तो नकार न्याय्य असतो. मात्र तो शब्दांत येतो तो असा: ‘परत द्यावयाचें मूल्य संदिग्ध आहे, निवडलेल्या भागांत एकाहून अधिक स्थानिक चलांना मूल्य दिलेलें आहे.’ एवढें म्हणून यंत्र गप्प बसतें. कोणतें मूल्य? कोणत्या ओळींत? काय केलें असतां काम होईल? कांहीं नाहीं. कचेरींतल्या खिडकीमागून ‘अर्ज अपूर्ण’ असा शिक्का मारून परत आलेल्या कागदासारखें तें उत्तर असतें. पाहणींतल्या कित्येकांनीं अशा संदेशाचा भलताच अर्थ घेतला, आणि साधन सोडून हातानें काम करणें पत्करलें.

त्यावर त्याच दोघांनीं सुचविलेला मार्ग असा: शब्दांचा शिक्का न मारतां, मूळ लेखावरच खुणा कराव्या. निवडलेल्या तुकड्यांत वरून जें जें येतें, तें रंगीत बाणांनीं आंत येतांना दाखवावें. तुकड्यांतून जें जें बाहेर जातें, तें खालीं जातांना दाखवावें. आणि जेथें अडचण असेल, नेमकी तेथें फुली मारावी. लोणी व ताक असे दोन बाण खालीं निघालेले पाहिले कीं, पांडित्याची जरूर राहत नाहीं. एकतर तुकडा लहान करावा, किंवा दोहोंचे दोन तुकडे करावे, हें पाहणाऱ्याचें त्यालाच सुचतें. या खुणांच्या आधारें प्रोग्रामरांना अडचण कोठें आहे, हें अधिक लवकर व अधिक बिनचूक ओळखतां आलें, असें त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें. नकार तोच, पण तो आतां वाट दाखविणारा झाला.

पांचवी गोष्ट विश्वासाची. साधनानें एका झटक्यांत दोनशें ठिकाणीं बदल केला, आणि तो बरोबर झाला कीं नाहीं हें मला कळण्याचा मार्ग नसेल, तर मी पुन्हां त्याच्या वाटेला जाणार नाहीं. हा संशय अगदींच निराधार नाहीं. २००७ सालीं इलिनॉय विद्यापीठांतीलच संशोधकांनीं यंत्राकडून असंख्य लहान लहान आज्ञावल्या तयार करवून त्या एक्लिप्स व नेटबीन्स यांच्या पुनर्रचना-साधनांना खाऊं घातल्या, तेव्हां दोन्हींत पूर्वी न आढळलेले दोष सांपडले. शिवाय कांहीं ठिकाणीं साधनाची नजर मुळांतच पोहोंचत नाहीं: एखादें नांव अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिलेलें असेल, किंवा दुसऱ्याच फाइलींत, दुसऱ्याच भाषेंत, माहितीच्या कोठारांत असेल, तर तें त्याच वस्तूचें आहे कीं नाहीं, हें साधनाला छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. अशा वेळीं चांगल्या साधनानें मौन धरूं नये. ‘इतक्या ठिकाणीं मी खात्रीनें बदल केला, या तीन ठिकाणीं मला खात्री नाहीं, आपण पाहून घ्यावें,’ असें त्यानें सांगावें. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे, एक कळ दाबतांच सारें जसेंच्या तसें पूर्वपदावर आलें पाहिजे. माघारीचा रस्ता मोकळा आहे हें ठाऊक असलें, म्हणजे माणूस पुढें पाऊल टाकतो. म्हणूनच एका मोठ्या उडीपेक्षां पाहतां येतील अशीं लहान लहान पावलें लोकांना पसंत पडतात.

याच्याही पुढची एक कल्पना २०१२ सालीं दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनीं स्वतंत्रपणें मांडली. माणूस संवयीनें हातानेंच काम सुरू करणार असेल, तर करूं द्यावें. परंतु साधनानें बाजूला बसून पाहत राहावें, आणि पहिल्या एक-दोन हालचालींवरून ‘हा अमुक पुनर्रचना करूं पाहतो आहे’ असें ओळखून ‘उरलेलें मी पुरें करूं काय?’ असें विचारावें. घरांतील जुना गडी मालकानें बाजारची पिशवी काढली कीं छत्री आणून देतो, तशी ही सेवा. यांत धोकाही आहे. दर दोन ओळींना मध्यें तोंड घालणारा गडी कोणाला आवडत नाहीं. म्हणून अशी सूचना नम्र हवी, आणि दुर्लक्ष करितां येण्याजोगीही हवी.

२०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें लेखनसाधन व भाषेचें ज्ञान यांमध्यें संवादाचा एक सामाईक संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळें एका संगणकभाषेचें ज्ञान एकदां लिहून ठेवलें, कीं तें अनेक लेखनसाधनांत वापरतां येऊं लागलें. आपली सवयीची खिडकी न सोडतां पुनर्रचनेची सोय मिळणें यामुळें पुष्कळच सुकर झालें. विळी माळ्यावरून खालीं आली होतीच. ती आतां ज्याच्या त्याच्या ओट्यावर आली.

येथें एक आक्षेप कोणीही घेईल. आतां तर साध्या बोलींत सांगितलें कीं पानेंच्या पानें आज्ञावली लिहून देणारे कृत्रिम बुद्धीचे मदतनीस आले आहेत. मग या जुन्या साधनांची मातबरी ती काय? या मदतनीसांचा एक गुण निर्विवाद आहे: त्यांना शास्त्रीय नांवें सांगावीं लागत नाहींत, चौकटी भराव्या लागत नाहींत. आपण वर पाहिलेल्या अडचणींपैकीं पहिल्या तीन त्यांनीं बऱ्याच अंशीं दूर केल्या आहेत. परंतु ते चालतात ते पूर्वी पाहिलेल्या असंख्य लेखांच्या अदमासानें. पूर्वअटी तपासून ‘वर्तन तेंच राहील’ असा दाखला ते स्वभावतः देत नाहींत. एकोणचाळीस ठिकाणीं फोडणी बरोबर बदलून चाळिसाव्या ठिकाणीं जिऱ्याऐवजीं मोहरी घालावी, आणि वही मात्र सुवाच्य अक्षरांत परत द्यावी, हें त्यांच्याकडून घडूं शकतें. आणि अक्षर सुवाच्य असल्यामुळेंच ती चूक डोळ्यांत भरत नाहीं. यासाठीं शहाणपणाची जोडणी अशी दिसते कीं, माणसाचें म्हणणें या मदतनीसानें समजून घ्यावें, आणि प्रत्यक्ष फेरबदल मात्र पूर्वअटी तपासणाऱ्या साधनाकडून करवून घ्यावा. एकाचें सौजन्य आणि दुसऱ्याची शिस्त एकत्र आली, तर दोहोंचें चीज होईल. मागाहून परीक्षा घेणें दोन्ही बाबतींत आहेच. नाइट कॅपिटलच्या त्या हलविलेल्या तुकड्याची परीक्षा झाली नव्हती, हें विसरून चालणार नाहीं.

सारांश, या पस्तीस वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें, तर शास्त्र आधीं तयार झालें आणि सोय मागाहून आली, असें दिसतें. आणि सोय येईपर्यंत शास्त्राचा लाभ फार थोड्यांना झाला. साधन बिनचूक असणें अवश्यच आहे, पण तेवढ्यानें तें वापरलें जात नाहीं. तें काम चाललें असेल तेथेंच हजर असावें. आपलें नांव पाठ करून घेण्याचा आग्रह त्यानें धरूं नये. नेमकें काय धरावें हें त्यानें दाखवावें. नाकारतांना कारण व वाट दोन्ही सांगावीं. आपल्याला काय कळत नाहीं हें कबूल करावें. आणि परतीचा रस्ता सदैव मोकळा ठेवावा. सुतार-लोहारांच्या हत्यारांना हे गुण पिढ्यांच्या वापरानें आले; मुठीचा आकार तळहातानें ठरविला. संगणकाच्या हत्यारांना तितका अवधि मिळालेला नाहीं. म्हणून तीं वापरणारा कोठें अडखळतो हें शेजारीं बसून पाहणें, हा त्यांच्या कर्त्यांना उरलेला जवळचा मार्ग होय.

आणि ज्यांच्या घरीं हें काम करणारें कोणी असेल, त्यांनीं संध्याकाळीं ‘जुनेंच नीट लाविलें’ हें उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न अवश्य विचारावा: ‘चव तीच राहिली ना, आणि ती पाहिली कोणीं?’ त्याचें उत्तर त्याला ठामपणें देतां आलें, तर त्या दिवसाचें काम खरोखर पदरांत पडलें असें समजावें.